मॉडर्न टॉकिंगमधली नोरा

आधीच कबूल करून टाकतो, वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत मला ठाम माहीत होतं की मॉडर्न टॉकिंग ही जर्मन पॉप जोडी म्हणजे एक बाप्या आणि एक बाई, आणि बाईचं नाव नोरा. पुरावा होता ना! मामाच्या दुकानात पोस्टर होतं, त्यात लांबसडक काळे केस, ओठ गुलाबी, डोळे असे की आमच्या गल्लीतल्या कुठल्याच मुलीचे नव्हते, आणि गळ्यात सोन्याची चेन, तीत ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, नोरा. शेजारी एक पिवळ्या केसांचा गडी दात काढून उभा. आता एवढं गळ्यात नाव घालून फिरतेय म्हटल्यावर तीच नोरा, अजून काय पाहिजे?

मामाचं दुकान मिरजेत. रेडिओ-टेप रिपेरिंग, आणि बाहेर हाताने रंगवलेली पाटी, 'गाणी भरून मिळतील'. हे आताच्या पोरांना सांगितलं की ती माझ्याकडे बघत बसतात. कोरी कॅसेट आणायची, सोबत वहीच्या फाटक्या पानावर गाण्यांची यादी, मामा दोन डेक जोडून ती गाणी एकापाठोपाठ एक भरून द्यायचा, साठची कॅसेट असली तर एका बाजूला सहा-सात गाणी बसायची आणि शेवटचं गाणं बहुतेक वेळा अर्ध्यात तुटायचं, त्यावरून गिऱ्हाईकाशी वाद. दुरुस्त झालेला प्रत्येक टेप मामा एकाच कॅसेटवर तपासायचा. हेड स्पिरिटने पुसायचा, कॅसेट ढकलायची, आणि दुकानभर मॉडर्न टॉकिंगचं 'ब्रदर लुई'. भजनाची कॅसेट ऐकण्यासाठी टेप घेऊन आलेले आजोबासुद्धा बाकावर बसून ब्रदर लुई ऐकायचे, इलाज नव्हता. मी एकदा विचारलं हीच का, तर म्हणाला, "यात बास पण हाय आणि लई वर जाणारा आवाज पण हाय, स्पीकर कुठं फाटलाय ते लगेच कळतंय."

मामाने ते 'लई वर जाणारा आवाज' म्हटलं ना, ही अख्खी पोस्ट त्या आवाजाबद्दल आहे.

ज्यांना ऐकून आठवत नसेल त्यांच्यासाठी, मॉडर्न टॉकिंगची गाणी सगळी एकाच साच्यातली. कडवं एक मऊ, जरा जाडसर पुरुषी आवाज गातो, अगदी कानात गुळगुळीत तेल सोडल्यासारखा. मग तोच आवाज धृपद म्हणतो. तुम्हाला वाटतं झालं, आणि मग लगेच तेच धृपद किंवा त्याला जोडलेली ओळ एकदम वरच्या पट्टीत, बारीक, काचेसारख्या आवाजात येते. गाण्याचा हुक तोच. आम्ही पोरं गाताना कडवं कोणी म्हणायचंच नाही, शब्दच येत नव्हते, सगळे त्या वरच्या ओळीची वाट बघत थांबायचे आणि ती आली की 'बटर लुई लुई लुई' करून ओरडायचे. हो, बटर. आम्हाला वाटायचं लुई नावाच्या कोणाला तरी लोणी लावायचं चाललंय.

तर हिशोब सोपा होता, जाड आवाज पिवळ्या केसवाल्याचा, बारीक आवाज नोराचा.

हा हिशोब मोडला तो साधारण ८८ साली. मामाचं एक गिऱ्हाईक बोटीवर कामाला होतं, ते सुट्टीवर येताना गाण्यांची व्हिडिओ कॅसेट घेऊन आलं, आणि त्यांच्या घरी भाड्याच्या व्हीसीआरवर आम्ही सात-आठ पोरं दाटीवाटीने बसलो. स्क्रीनवर नोरा आली. हळूच मान वर केली. तोंड उघडलं. आणि त्यातून जाड पुरुषी आवाज निघाला.

मला अजून ती शांतता आठवते. मग कोणीतरी हसायला लागलं आणि मग सगळेच, मी सोडून. तो थॉमस आंडर्स होता. नोरा त्याची बायको, बायकोचं नाव गळ्यात घालून तो जगभर फिरायचा. मी घरी येऊन मामाला काही सांगितलं नाही. मामा दुकानात होता त्यामुळे त्याने काही बघितलं नव्हतं, आणि तो पोस्टरकडे बघून अधूनमधून जे गालात हसायचा ते मला माहीत होतं.

असो. थॉमसचं खरं नाव बेर्न्ट वायडुंग, जन्म १९६३, कोब्लेन्झजवळच्या म्युन्स्टरमायफेल्डचा. आंडर्स हे घेतलेलं नाव, जर्मनमध्ये 'आंडर्स' म्हणजे वेगळा, आणि ते केस आणि ते लिपग्लॉस बघता माणसाने नावाला जागायचं ठरवलं होतं म्हणायचं. १९८० मध्येच त्याची पहिली सिंगल आली होती, जर्मनमधली, चालली नाही. दुसरा, पिवळे केसवाला, डीटर बोलन, जन्म १९५४, वरती उत्तर जर्मनीतला, ग्योटिंगेनला बिझनेस शिकलेला. म्हणजे आपल्याकडचं बीकॉम-एमकॉम टाईप, आणि मला हे कळल्यावर सगळंच उमगलं, कारण हा माणूस गाणी अशी करायचा की जसा एखादा हुशार व्यापारी एकच माल वेगवेगळ्या डब्यांत भरून विकतो.

१९८३ मध्ये दोघं भेटले. बोलनने आधी थॉमसकडून जर्मन गाणीच गाऊन घेतली, त्यातून फार काही झालं नाही. मग इंग्रजीत एक करून बघू म्हणून ८४ च्या ऑक्टोबरमध्ये 'यू आर माय हार्ट, यू आर माय सोल' काढलं. तेसुद्धा तीन महिने तसंच पडून होतं. जानेवारी ८५ मध्ये 'फोर्मेल आइन्स' नावाच्या टीव्ही कार्यक्रमात दोघं दिसले आणि नंतर जे झालं ते झालं, जर्मनीत एक नंबर, सहा आठवडे. थॉमस तेव्हा जेमतेम एकवीस-बावीसचा. त्याच्या मागोमाग 'यू कॅन विन इफ यू वाँट', 'चेरी चेरी लेडी', 'ब्रदर लुई', 'अटलांटिस इज कॉलिंग', सलग पाच सिंगल्स जर्मनीत एक नंबरला, तेही साधारण दीड वर्षात. ८५ ते ८७ या तीन वर्षांत सहा अल्बम! वर्षाला दोन. आपले बप्पीदा सोडले तर या स्पीडने काम करणारा माणूस मला तरी माहीत नाही. आणि बोलन त्याच वेळी सी. सी. कॅच नावाच्या गायिकेसाठी पण गाणी लिहितोय, ख्रिस नॉर्मन या गायकाला 'मिडनाईट लेडी' देतोय, तेही एक नंबरला. या सगळ्यात त्याच्यासोबत बसायचा लुईस रोड्रिगेझ नावाचा को-प्रोड्युसर, आणि गाण्यातला लुई म्हणजे हाच असं म्हणतात. म्हणजे आम्ही मिरजेत बसून हॅम्बुर्गच्या एका स्टुडिओतल्या माणसाला लोणी लावत होतो.

गंमत अशी की ब्रिटनमध्ये यांचं फक्त एकच गाणं टॉप टेनमध्ये गेलं, ब्रदर लुई, चौथ्या नंबरला. अमेरिकेत तर कोणी ढुंकून बघितलं नाही. जिथली भाषा तिथे चालेना, आणि सोव्हिएत रशियात सरकारी मेलोडिया कंपनी यांची रेकॉर्ड छापतेय, आणि इकडे आमच्याकडे कॅसेटी भरून जातायत. मला याचं कारण फार नंतर कळलं, म्हणजे मला जे वाटतं ते सांगतो. ते इंग्रजी साहेबाचं इंग्रजी नव्हतंच. शाळेत इंग्रजी शिकलेल्या जर्मन माणसाने लिहिलेलं, दोनशे-तीनशे शब्दांत संपणारं इंग्रजी होतं, हार्ट, सोल, लेडी, नाईट, लव्ह, टुनाईट. अमेरिकन बँडचं गाणं लागलं की आम्हाला वाटायचं तोंडात गरम बटाटा घेऊन गातायत. थॉमस एकेक शब्द सुटा म्हणायचा. सातवीच्या पुस्तकातलं इंग्रजी, फक्त जरा ओल्या आवाजात. ज्याला आपल्यासारखंच इंग्रजी परकं आहे त्याने आपल्यासाठी गायलेलं. इंग्रजांना ते पोरकट वाटलं असणार, वाटू दे.

तर नोरा पुरुष निघाल्यावर हिशोब बदलला. जाड आवाज थॉमसचा हे ठरलं, मग बारीक आवाज उरला बोलनकडे. आणि व्हिडिओत तसंच दिसतं, वरची ओळ आली की बोलन गिटार घेऊन पुढे सरकतो, तोंड हलवतो, दात दाखवतो. हा हिशोब माझ्या डोक्यात पुढची वीस वर्षं पक्का होता.

मधल्या काळात ते फुटले. ८७ मध्ये. त्यात नोराचं नाव सगळीकडे येतं, बोलनने मुलाखतींतून आणि पुढे पुस्तकातून खापर तिच्यावर फोडलंय, आपल्याकडे कसं दोन भाऊ वेगळे झाले की धाकट्याच्या बायकोवर येतं, डिट्टो तसंच. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आता तर अजिबातच नाही, कारण बोलनने थॉमसपासून सुटे व्हायच्या सुमारासच स्वतःचं 'ब्लू सिस्टिम' नावाचं दुकान टाकलंसुद्धा होतं. दोन माणसं तीन वर्षं रोज एकमेकांना बघतायत, एक गाणं बनवतो, दुसरा फक्त गातो, मात्र लोक दुसऱ्याचा चेहरा ओळखतात. भांडायला बायको कशाला लागते?

मग ९८ मध्ये परत एकत्र. मी तेव्हा पुण्यात कॉट बेसिसवर राहायचो आणि केबलवर अचानक ते दोघं दिसले, थॉमसचे केस कापलेले, चेन गायब, नोराशी संसारही संपलेला, आणि जुन्याच गाण्यांत मध्येच एक एरिक सिंगलटन नावाचा रॅपर घुसून यो यो करतोय. मला ते बघून कसंतरी झालं. पण 'बॅक फॉर गुड' अल्बम जर्मनीत एक नंबरला गेला, म्हणजे लोकांना आवडलं, माझं कोण ऐकतंय. पाच वर्षं चाललं ते दुसरं लग्न, ८५ च्या मानाने गाणी साधारण, 'विन द रेस' त्यातल्या त्यात बरं. २००३ च्या जूनमध्ये रोस्टॉकच्या कॉन्सर्टमध्ये बोलनने स्टेजवरच जाहीर करून टाकलं की संपलं, आणि त्याच महिन्यात बर्लिनला शेवटचा कार्यक्रम. त्याच वर्षी बोलनचं दुसरं पुस्तक आलं, त्यात थॉमसबद्दल जे लिहिलं त्यावरून थॉमस कोर्टात गेला. बोलन तोवर जर्मनीच्या 'इंडियन आयडॉल'मध्ये जज म्हणून बसलेला, पोरांना तोंडावर वाट्टेल ते बोलायचा आणि त्यासाठीच लोक बघायचे.

आता मेन मुद्दा.

२००९ मध्ये मी कंपनीच्या प्रोजेक्टवर मानहाइमला गेलो. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये मोठ्या उत्साहाने सांगितलं की मी लहानपणापासून जर्मन संगीत ऐकतो. टेबलावरचे सगळे खूश, कोण? बाख? बेटोव्हन? मी म्हटलं मॉडर्न टॉकिंग. आणि टेबलावर जी शांतता पसरली ती डायरेक्ट ८८ सालच्या त्या व्हीसीआरवाल्या घरातली. एकजण म्हणाला "पाइनलिश", म्हणजे लाज आणणारं. मला कोणी जर्मनीत येऊन 'मला मराठी संस्कृती फार आवडते' म्हणून दादा कोंडकेंचं नाव घेतलं असतं तर मी कसा चेहरा केला असता याचा विचार केला, आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला असता, म्हणून मला त्यांची लाज समजली नाही. डिसेंबरमध्ये ऑफिसची ख्रिसमस पार्टी झाली, ग्लुवाइन, म्हणजे गरम मसाल्याची वाईन, पोटात गेल्यावर चेरी चेरी लेडी लागलं आणि तोच पाइनलिशवाला टेबलावर हात आपटत सगळी कडवी म्हणत होता. कडवी! मला अजून येत नाहीत.

त्याच रात्री ट्रामची वाट बघताना, बाहेर मायनस पाच की सहा, मी त्याला म्हटलं बोलनचा तो वरचा आवाज काय भारी होता यार. तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला तो बोलनचा नाहीच.

मग सगळं कळलं, पुढे मी स्वतः शोधून वाचलं. तो काचेसारखा आवाज स्टुडिओत कोरस गाणाऱ्या लोकांचा होता. रोल्फ क्योलर, मिशाएल शोल्त्स, डेटलेफ वीडेके. व्यावसायिक गायक, पडद्यामागचे. हेच लोक ब्लू सिस्टिमच्या कोरसमध्येही. टीव्हीवर ती ओळ आली की बोलन तोंड हलवायचा. २००३ नंतर, मॉडर्न टॉकिंग कायमचं बंद झाल्यावर, हे लोक 'सिस्टम्स इन ब्लू' नावाने स्वतः पुढे आले, आणि यूट्यूबवर त्यांचं ऐकलं की अंगावर काटा येतो, कारण आवाज तोच, मामाच्या दुकानातला, फक्त चेहरे तुमच्या-आमच्यासारखे, चारचौघांतले. क्योलर २००७ मध्येच गेला. म्हणजे मला त्याचं नाव कळलं तेव्हा तो नव्हता.

मला त्या रात्री राग आला नाही हे विशेष. जर्मन सहकारी सांगताना अशा सुरात सांगत होता की बघ, कशी फसवाफसवी. आणि मी म्हटलं अरे यात काय, आमच्याकडे हे सत्तर वर्षं चालू आहे, हिरो तोंड हलवतो, गातो दुसराच, प्लेबॅक म्हणतात त्याला. तर तो म्हणाला आमच्याकडेही प्लेबॅक म्हणतात. आणि मग पाच मिनिटं आमचा घोळ झाला, कारण जर्मनमध्ये प्लेबॅक म्हणजे गायकाने टेप लावून स्टेजवर नुसतं तोंड हलवणं, चोरीचा मामला, शिवी जवळजवळ. आणि आपल्याकडे प्लेबॅक सिंगर म्हणजे लता, आशा, रफी, किशोर. शब्द एकच. त्यांच्याकडे लपवायची गोष्ट, आपल्याकडे भारतरत्न.

हां, पण आपल्याकडेही ते आपोआप झालेलं नाही हे मी त्याला सांगितलं नाही, ट्राम आली. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, पात्राचं नाव होतं, कामिनी. लोकांनी रेडिओला पत्रं टाकली की ही कामिनी कोण, तेव्हा कुठे नाव सांगितलं गेलं. म्हणजे तिकडे नोरा तशी इकडे कामिनी. फरक एवढाच की आमची माणसं पत्रं टाकून विचारत बसली आणि लताबाई पुढे हक्कासाठी भांडल्या, म्हणून आज मिरजेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं गाणं कोणी म्हटलंय. आणि मला, ब्रदर लुई हजार वेळा ऐकलेल्याला, क्योलर हे नाव तेहेतिसाव्या वर्षी कळलं.

आणि जर्मनीतच याच्याहून मोठं प्रकरण झालंय, मिली व्हॅनिली. ती पण जोडी, रॉब पिलाटुस आणि फॅब मॉर्व्हन, म्युनिकमध्ये नाचायचे, फ्रँक फारियन नावाच्या प्रोड्युसरने त्यांना उचललं. हा तोच फारियन ज्याने बोनी एम या बँडमध्ये बॉबी फॅरलच्या तोंडी स्वतःचा आवाज घातला होता, आणि आपण 'डॅडी कूल'वर लग्नात नाचलो, कोणी केस केली नाही. मिली व्हॅनिलीमध्ये दोघांचा आवाज रेकॉर्डवर नव्हताच, गायलेलं चार्ल्स शॉ, ब्रॅड हॉवेल, जॉन डेव्हिस अशा लोकांनी. ८९ मध्ये अमेरिकेत एका शोमध्ये टेप अडकली आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजायला लागली, रॉब स्टेजवरून पळाला. तरी ९० च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं, आणि नोव्हेंबरमध्ये फारियननेच खरं सांगितल्यावर ते काढून घेतलं. अमेरिकन लोक पैसे परत मागायला कोर्टात गेले. रॉब ९८ मध्ये वारला, वय अवघं बत्तीस-तेहेतीस. आणि फारियन? गाणी करत राहिला. दोन पोरांनी तोंड हलवलं त्यांची राखरांगोळी, ज्याने हलवायला लावलं तो निवांत. याबद्दल मला जेवढा संताप येतो तेवढा मॉडर्न टॉकिंगबद्दल येत नाही, कारण थॉमस तरी खरंच गायचा, आणि काय गायचा. आजही गातो. २०२० मध्ये झिल्बरआयझन नावाच्या टीव्हीवाल्यासोबत जर्मन गाण्यांचा अल्बम केला, म्हणजे ज्या जर्मन गाण्यांनी सुरुवातीला दार उघडलं नाही तिथेच फिरून गेला. आणि २०१९ मध्ये कापिटाल ब्रा नावाच्या रॅपरने चेरी चेरी लेडी उचलून 'चेरी लेडी' केलं, तेही एक नंबर. पाइनलिश म्हणे!

गेल्या दिवाळीत मिरजेला गेलो होतो. दुकान आता मामाच्या मुलाचं आहे, मोबाईल रिपेरिंग, टफन ग्लास, कव्हर वगैरे. मामा बाहेर खुर्ची टाकून बसतो. मी फोनवर ब्रदर लुई लावलं, तर लगेच, "ह्या फोनचा स्पीकर फाटलाय बघ." खरंच फाटला होता. मग म्हटलं आता सांगूनच टाकतो, एवढी वर्षं झाली, आणि त्याला सगळं सविस्तर सांगितलं, थॉमस, बोलन, हॅम्बुर्ग, तो वरचा आवाज दुसऱ्याच लोकांचा, क्योलर, त्यातला एक तर वारला पण. मामा शांतपणे ऐकत होता, मान हलवत होता, मध्ये एकदा "पैसे मिळाले का त्यांना नीट?" असं विचारलं, मला आवडलं ते, धंद्यातला माणूस. मी म्हटलं एवढं ठाऊक नाही. चहा आला. मामाने बशीत ओतला, दोन घोट घेतले, आणि म्हणाला,

"ते सगळं ठीक हाय रे. पण मग नोरा काय करायची?"